लाइन क्लिअर

(दहावी 1996 च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’. मी नको म्हणाले. ऑफिसात तेच, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच. भुसावळला येऊनही तेच बोलायचं तर गाडीचं तिकीट कशाला काढायचं? त्यापेक्षा मी आगगाड्यांवर बोलते. आपला निम्मा वर्ग रेल्वे कॉलनीतला, त्यामुळे विषय समजावून सांगायला लागणार नाही.

आठवी ‘ब’ मधला हावडा मेलचा वाद आठवतोय का? मुंबईहून हावड्याला जाणाऱ्या दोन मेल आपल्या स्टेशनात थांबायच्या. एक नागपूरवरून जायची, दुसरी अलाहाबादवरून. इथपर्यंत दोघींचा रूळ एक, इथून पुढे वाटा वेगळ्या. ज्यांचे वडील नागपूर लाइनवर ते एका बाकावर, खंडवा-इटारसी लाइनवाले दुसऱ्या. नागपूरची वाट जवळची आहे हे भूगोलाच्या नकाशात सरळ दिसत होतं, पण खंडवावाले नकाशाच चुकीचा आहे म्हणायचे. एकदा तो वाद डब्यातल्या ठेच्यासकट बाईंच्या टेबलावर सांडला आणि दोन्ही बाक तासभर वर्गाबाहेर उभे राहिले. बाई हसताहेत, म्हणजे त्यांनाही आठवतंय.

असा वाद पांढऱ्या केसांचे इंजिनिअरही करतात हे मला पुढे इंग्लंडात कळलं. कंपनीच्या कामासाठी मी दोन वर्षं यॉर्कला होते. आमच्या टीममध्ये दोन वयस्क सहकारी होते, एक क्रूचा आणि एक डॉनकास्टरचा. ही दोन्ही आपल्या भुसावळसारखीच रेल्वेची गावं, दोन्हीकडे इंजिनं बांधायचे कारखाने. क्रूचा माणूस पश्चिम किनाऱ्याच्या मार्गाचा, डॉनकास्टरचा पूर्व किनाऱ्याच्या. रोज दुपारी सँडविच खाता खाता त्यांची जुंपायची आणि मी डबा उघडून ऐकत बसायची.

लंडनहून स्कॉटलंडला जायला दोन मुख्य वाटा आहेत. पूर्वेची वाट किंग्ज क्रॉस स्टेशनातून निघते आणि पीटरबरो, यॉर्क, न्यूकॅसलवरून एडिनबराला पोचते, साधारण 393 मैल. पश्चिमेची युस्टनमधून निघते आणि क्रू, प्रेस्टन, कार्लाइलवरून ग्लासगोला जाते, 401 मैल. गंमत म्हणजे किंग्ज क्रॉस आणि युस्टन एकाच रस्त्यावर आहेत, चालत पंधरा मिनिटांवर. शेजारी राहायचं आणि आयुष्यभर भांडायचं, असा प्रकार.

पण दोघींचं नशीब सारखं नाही. पूर्वेची वाट बरीचशी सपाट आणि सरळ. यॉर्कच्या उत्तरेला तर रूळ कितीतरी मैल पट्टीने आखल्यासारखे जातात. पश्चिमेच्या वाटेवर वळणं फार, आणि मध्ये शाप आणि बीटॉक असे दोन डोंगर आडवे. शापच्या माथ्याआधी चार मैलांचा 75 ला 1 चढ आहे, आणि बीटॉकची चढण दहा मैलांची. आपल्या कसारा घाटात 37 ला 1 आहे, त्यापुढे हे काहीच नाही असं मी अभिमानाने म्हणाले. क्रूचा सहकारी म्हणाला, ‘तुम्ही तो चढ मागून बँकर लावून हळू चढता. आम्हाला तो शर्यतीत चढायचा होता.’ मी गप्प बसले. शिवाय मी ‘ब’ तुकडीची, त्यामुळे चढाची वाट मिळालेल्यांकडे माझा ओढा आपोआप गेला.

तो म्हणाला ती शर्यत खरंच झाली. आधी 1888 च्या उन्हाळ्यात एडिनबरापर्यंत, मग 1895 मध्ये त्याहून पुढे अ‍ॅबरडीनपर्यंत. ऑगस्टमध्ये श्रीमंत लोक शिकारीसाठी स्कॉटलंडला जायचे आणि ते गिऱ्हाईक कोणाच्या गाडीत बसणार यावरून दोन्हीकडच्या कंपन्या पेटल्या. दोन्ही गाड्या रात्री आठला लंडन सोडायच्या. एक फोर्थ आणि टे या दोन नद्यांच्या मुखांवरचे प्रचंड पूल ओलांडून वर जायची. त्यांतला फोर्थचा तर 1890 मध्येच उघडलेला. दुसरी डोंगर चढून पर्थवरून यायची. आणि अ‍ॅबरडीनच्या 38 मैल अलीकडे किनेबर नावाच्या जंक्शनवर दोघी एका रुळावर यायच्या. तिथे जी आधी पोचेल ती पुढे, दुसरी तिच्या मागे. म्हणजे पाचशे मैलांची शर्यत एका केबिनमध्ये संपायची. आणि ती केबिन पश्चिमवाल्यांच्या कॅलिडोनियन कंपनीची!

ऑगस्ट 1895 मधल्या एका पहाटे पूर्वेची गाडी 4 वाजून 40 मिनिटांनी अ‍ॅबरडीनला पोचली, 523 मैल 520 मिनिटांत. 23 तारखेच्या पहाटे पश्चिमेची गाडी 4 वाजून 32 मिनिटांनी, 540 मैल 512 मिनिटांत. थांबे, इंजिनबदल, डोंगर सगळं धरून सरासरी ताशी 63 मैल. आपल्या भाषेत ताशी शंभर किलोमीटरच्या वर, वाफेवर, 1895 मध्ये! त्या रात्री ‘हार्डविक’ नावाच्या लहानशा इंजिनाने क्रू ते कार्लाइल हे 141 मैल, मध्ये शापचा चढ धरून, 126 मिनिटांत काढले. ते इंजिन आजही राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या संग्रहात जपलेलं आहे. इतकं करून अ‍ॅबरडीनला उतरलेल्या प्रवाशाने पहाटे साडेचारला करायचं काय, हा प्रश्न मी विचारला. दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू क्रिकेटमध्ये रन कशाला काढतात असं विचारलंय.

किनेबरची एक गोष्ट रेल्वेप्रेमी पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. एका रात्री दोन्ही बाजूंच्या घंटा केबिनमध्ये एकदमच वाजल्या. दोन्ही गाड्या जवळ आलेल्या, दोघी रस्ता मागताहेत. पगार देणारी कंपनी पश्चिमेची. तरी त्या केबिनमनने सिग्नल पाडला तो पूर्वेच्या गाडीसाठी. डॉनकास्टरचा माणूस ही गोष्ट सांगताना उठून उभा राहायचा. क्रूचा म्हणायचा, ‘बघ, मोठेपणा कोणाचा? आमच्या माणसाचा.’ एकाच गोष्टीवर दोघांनी हक्क सांगितलेला मी तेवढाच पाहिला.

शर्यत पुढच्या वर्षी संपली, पण खिलाडूपणे नाही. 13 जुलै 1896 च्या रात्री लंडनहून निघालेली स्कॉटलंडची गाडी प्रेस्टनच्या वळणावर रुळावरून घसरली. त्या वळणाला मर्यादा ताशी 10 मैलांची. गाडी त्याच्या चौपटीच्या आसपास होती. पुढे दोन इंजिनं होती आणि त्या दोन्हींच्या ड्रायव्हरांनी प्रेस्टनमधून न थांबता जाणारी गाडी त्याआधी कधी चालवलेली नव्हती. वेळापत्रक मात्र त्यांच्या हातात दिलेलं होतं. एक प्रवासी मेला. डबे पाहता एकच मेला हे नवल.

त्यानंतर कंपन्या घाबरल्या आणि दिवसाच्या गाड्यांना लंडनहून एडिनबरा-ग्लासगोला सव्वाआठ तासांपेक्षा कमी वेळ लावायचा नाही असं आपसात ठरवून बसल्या. ते 1932 पर्यंत टिकलं. छत्तीस वर्षं! मधल्या काळात इंजिनं किती सुधारली, पण घड्याळ तिथेच. मग ईर्ष्या जिरवायची कुठे? 1 मे 1928 पासून पूर्ववाल्यांनी ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ लंडन ते एडिनबरा कुठेही न थांबता सोडायचं ठरवलं. एवढा वेळ एकच ड्रायव्हर कसा चालवेल? तर कोळशाच्या टेंडरमधून एक बोळ काढला, 18 इंच रुंद, 5 फूट उंच. त्यातून दुसरा ड्रायव्हर आणि फायरमन डब्यातून चालत्या इंजिनावर यायचे. गाजावाजा झाला, वर्तमानपत्रं तयार बसली. आणि चारच दिवस आधी, 27 एप्रिलला, पश्चिमवाल्यांनी आपली ‘रॉयल स्कॉट’ गुपचूप दोन भागांत सोडली, एक ग्लासगोला आणि एक एडिनबराला, दोन्ही न थांबता. एकदाच, फक्त खोडी काढायला. आठवी ‘ब’ ला हे सहज सुचलं असतं.

बंधन सुटल्यावरचा काळ तुम्हाला कुठल्याही रेल्वेच्या पुस्तकात मिळेल, म्हणून भरभर सांगते. पूर्वेला ग्रेझली आणि पश्चिमेला स्टॅनियर हे दोन मोठे इंजिनिअर समोरासमोर. सप्टेंबर 1935 मध्ये पूर्वेच्या ‘सिल्व्हर लिंक’ ने ताशी 112 मैल गाठले. जून 1937 मध्ये पश्चिमेच्या ‘कॉरोनेशन’ ने क्रूच्या जरा अलीकडे 114 चा दावा केला आणि मग स्टेशन इतकं जवळ आलं की गाडी सांध्यांवरून भलत्या वेगात आत शिरली आणि डायनिंग कारमधल्या कपबश्या फुटल्या. क्रूचा सहकारी हे कपबश्यांचं कधी सांगायचा नाही; ते दुसऱ्याकडून कळलं. 3 जुलै 1938 ला ‘मॅलार्ड’ ने स्टोक उतारावर 126 गाठले, वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही आहे. डॉनकास्टरचा सहकारीही मग एक गोष्ट सांगायचा नाही: त्या धावेत मॅलार्डच्या मधल्या सिलिंडरच्या दांड्याचं बेअरिंग तापलं आणि पीटरबरोला इंजिन काढून दुसरं लावावं लागलं.

यॉर्कच्या संग्रहालयात मॅलार्ड निळ्या रंगात उभी आहे आणि पश्चिमेची ‘डचेस ऑफ हॅमिल्टन’ ही तिथेच आहे. दोघांनाही मी विचारलं, आजच्या गाडीचा वेग किती? उत्तर दोन्हीकडे एकच: जास्तीत जास्त ताशी 125 मैल. मॅलार्डपेक्षा एक कमी.

आणि इथे माझा धंदा आला. कारण त्या 125 चं कारण इंजिन नाही. पश्चिमेची वाट ग्लासगोपर्यंत विजेची झाली ती 1974 मध्ये, पूर्वेची 1991 मध्ये. पूर्वेच्या नव्या विजेच्या इंजिनाने 1989 मध्ये चाचणीत 162 मैल गाठले. पश्चिमेला वळणांवर कलणारी गाडी तयार केली. तिनेही 1979 मध्ये 162 गाठले, पण डिसेंबर 1981 च्या कडक थंडीत प्रवाशांसाठी सोडल्यावर तिचं हसं झालं. दोन्हीकडे यंत्र 140 ला तयार होतं. अडलं ते डोळ्यांपाशी. 125 च्या वर गेलं की ड्रायव्हरने रुळाशेजारचा सिग्नल वाचायचा आणि गाडी वेळेत थांबवायची यावर भरवसा ठेवता येत नाही. सिग्नल ड्रायव्हरच्या समोर, गाडीत यायला हवा. पूर्वेला मधला उपाय म्हणून पीटरबरोच्या उत्तरेला उघडझाप करणारा हिरवा दिवा लावून पाहिला: तो दिसला तर 140 ने जा. पण तो उपाय पुरेसा ठरला नाही.

पश्चिमेला 1990 च्या दशकात फार मोठं स्वप्न पाहिलं गेलं. आपण ज्या ब्लॉकमध्ये वाढलो त्यात रुळाचे तुकडे ठरलेले असतात आणि एका तुकड्यात एकच गाडी. त्यांनी ठरवलं की तुकडेच काढून टाकायचे. प्रत्येक गाडी रेडिओवरून सांगेल मी इथे आहे, आणि संगणक तिच्यामागे सुरक्षित अंतर हलतं ठेवेल. शहरातल्या एकसारख्या लोकल गाड्यांसाठी अशी पद्धत चालते. पण एक्सप्रेस, लोकल, मालगाडी सगळ्या एकाच रुळावर असलेल्या शेकडो मैलांच्या मुख्य मार्गासाठी ती तेव्हा कुठेही तयार नव्हती. तरी गाडी चालवणाऱ्या कंपनीशी 140 चा करार झाला, तारीख लिहून. जे सॉफ्टवेअर अस्तित्वात नव्हतं त्याच्या भरवशावर. काही वर्षांत ती पद्धत गुंडाळावी लागली, खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट झाला, रुळांची मालकी असलेली कंपनी ऑक्टोबर 2001 मध्ये बुडाली, आणि 2008 मध्ये काम पुरं झालं ते 125 वर. 1984 मध्ये त्या हसं झालेल्या कलत्या गाडीने लंडन ते ग्लासगो 3 तास 52 मिनिटं 40 सेकंदांत काढले होते. 2021 मध्ये नव्या गाडीने तो विक्रम मोडायचा प्रयत्न केला. एकवीस सेकंद कमी पडले.

क्रूचा सहकारी हे सांगताना चिडायचा, म्हणायचा, ‘त्या बैठकीत एकही माणूस नव्हता का, जो म्हणेल की हे होणार नाही?’

मी त्याला काही बोलले नाही. तशा बैठकीत मी बसलेली होते. तिथली नव्हे, आपल्याकडची. रेल्वेशी संबंध नसलेल्या एका प्रकल्पाची. मी टीम लीड होते. प्रकल्पाचा गाभा असलेला भाग अजून कागदावर होता, आणि ग्राहकाने विचारलं मार्चअखेर होईल ना? मला माहीत होतं होणार नाही. मी म्हणाले, ‘होईल, जरा ताणावं लागेल.’ सगळ्यांचे चेहरे खुलले. ताणलं ते माझ्या हाताखालच्या पोरांनी. एका मुलीने हळदीच्या आदल्या रात्रीपर्यंत लॅपटॉप उघडा ठेवला. एप्रिलमध्ये सगळं कोसळलं तेव्हा कोसळलेला भाग तिने लिहिलेला होता, म्हणून अहवालात नाव तिचं गेलं. तो अहवाल माझ्या सहीने गेला. वर्षभराने मी तिला फोन केला. ती नीट बोलली, मुलाचं बारसं झाल्याचं सांगितलं, त्या विषयावर काहीच म्हणाली नाही. मीच सांगितलं की तारीख मी दिली होती. ती म्हणाली, ‘मॅडम, ते आम्हाला तेव्हाच माहीत होतं.’

प्रेस्टनचे ते दोन ड्रायव्हर मला त्यामुळे परके वाटत नाहीत.

आता शेवटचं. तुमच्यापैकी बरेचजण माझ्या बाबांना ओळखता, ते केबिनमध्ये होते. कॉलनीत राहणाऱ्यांना त्यांचा एक किस्सा माहीत आहे. एका रात्री मालगाडी पुढे गेली, पण तिच्या शेवटच्या डब्याचा दिवा बाबांना दिसला नाही. दिवा नाही म्हणजे गाडी तुटून काही डबे मागे रुळावर राहिले असतील. मागून मेलसाठी लाइन क्लिअर मागणारी घंटा वाजत होती. बाबांनी दिला नाही. मेल सिग्नलला बारा मिनिटं उभी राहिली, पुढच्या स्टेशनाकडून खात्री झाल्यावरच सोडली. पुढे कळलं, सगळे डबे जागेवर होते. फक्त दिवा विझला होता. वरून स्पष्टीकरण मागितलं. बाबांनी एक ओळ लिहून दिली: ‘शेवटच्या डब्याचा दिवा दिसला नाही.’ पुन्हा मागितलं, पुन्हा तीच ओळ. लहानपणी मला वाटायचं बाबा चुकले आणि कबूल करत नाहीत.

यॉर्कहून एका रविवारी फोनवर मी त्यांना किनेबरची गोष्ट सांगितली. दोन घंटा, पगार कोणाचा, सिग्नल कोणाला पडला, सगळं रंगवून. मला वाटलं होतं वाहवा म्हणतील. ते ऐकून घेऊन जरा थांबले आणि विचारलं,

‘त्याच्या आधीच्या गाडीचा शेवटचा डबा बघितला होता ना त्याने?’

मी म्हणाले, बाबा, गोष्टीत ते नाहीये. तर म्हणाले, ‘मग बघितलाच असेल.’ आणि आईकडे फोन दिला.

बाहेर भरीत-पुरीचा वास सुटलाय आणि मागच्या बाकावर चुळबुळ सुरू झाली आहे, ती मला इथूनही ओळखता येते. खंडवावाल्यांनी जेवताना माझ्या समोर बसावं. नकाशा मी आणला आहे.